राघो कूलर बसवतो

भाईंदरच्या केबिन रोडवर राघो पाटलाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्या दुकानात पाय ठेवायचा तर गिऱ्हाइकाने थोडा अपमान गिळायची तयारी ठेवावी लागते. मशीन टेबलावर ठेवायच्या आधीच राघो विचारतो, "कोणी हात लावला होता याला?" कोणीच नाही म्हटलं तर त्याचा विश्वास बसत नाही. भाच्याने लावला होता म्हटलं तर भाच्याची, भाच्याच्या कॉलेजची आणि त्याला मोबाइल घेऊन देणाऱ्या बापाची अक्कल काढून होते, मगच कॅबिनेटचे स्क्रू निघतात.

माणूस वाईट आहे असं नाही हो. इथल्याच मोरवा गावचा पोरगा, बाप मिठागरात राबलेला. हा शिकायला म्हणून दादरला हार्डवेअरच्या कोर्सला गेला आणि भाईंदरमध्ये लोक कॉम्प्युटरला अभ्रे शिवायचे त्या काळात याने दुकान टाकलं. सव्वीस वर्षं झाली. हात खरंच चांगला, काशीमीऱ्याच्या गोडाऊनवाल्यांपर्यंत नाव गेलेलं. पण समोर चंदनने निळ्या-जांभळ्या लायटींचं गेमिंगचं दुकान काढलं, तेव्हापासून याच्या तोंडाला सुट्टी नाही. "मांडववाला हाय तो, लायटिंग लावतो," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. स्वतःच्या मशीनवर लक्ष कमी आणि समोरच्या दारावर जास्त, अशी गत.

बायको आशा काउंटरला बसते. मशीनवर चिठ्ठी चिकटवणं, नाव-तक्रार लिहिणं, फोन घेणं ही तिची कामं. स्क्रूड्रायव्हरला हात लावायची तिला मुभा नाही. इतक्या वर्षांत एकदाच लावला होता, तेव्हा राघोने चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं, "उलथनं हाय का ते?" लोक हसले. आशाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि तो विषय तिथेच संपला.

तर भाविकाची गोष्ट. ही बाई घरी बसून इमिटेशन दागिन्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर करते. तिच्या बिल्डिंगखाली पॉलिशचा कारखाना, त्याची धूळ जाऊन जाऊन मशीनचा पंखा गुरगुरायला लागला होता. राघोने प्रोसेसरचा ताप ओढून घेणारा, पंखा बसवलेला कूलर काढला, धूळ साफ केली, प्रोसेसरवर ताप वर पोचवणारी नवी पेस्ट लावली, कूलर परत बसवला. रोजचं काम. तिसऱ्या दिवशी भाविका कॅबिनेट घेऊन पुन्हा दारात.

"राघोभाई, अब तो पहले से ज़्यादा गरम होता है. सत्तानवे दिखाता है, फिर अपने आप बंद."

राघोने मशीन चालू केलं आणि कूलरवर बोट टेकवलं. गेली सव्वीस वर्षं तो असंच ताप बघत आलाय, बोटाने. कूलर गार होता. "हाथ लगाके देखो," तो म्हणाला, "एकदम ठंडा. तुम्हारा सॉफ्टवेअर झूठ बोलता है." आणि या शहाण्याने काय करावं? आकडा दाखवणारं ते सॉफ्टवेअरच मशीनमधून काढून टाकलं. आकडा दिसायचा बंद झाला, म्हणजे ताप उतरला! वर तिलाच ऐकवलं की हे आकडे बघायचं खूळ समोरच्या मांडववाल्याने पसरवलंय. तिच्या समाधानासाठी कूलर पुन्हा काढला, महागातली पेस्ट लावली, पुन्हा बसवला, आणि जाता जाता तिच्या बिल्डिंगच्या वायरिंगलाही नावं ठेवली.

दोन दिवसांनी ती परत आली. मशीन बंद पडायचं थांबलं नव्हतं. या वेळी भाविका भांडली नाही, तेच राघोला जास्त लागलं. ती म्हणाली, "शाम तक देखो. कल सुबह पार्टी आ रही है डिज़ाइन देखने. नहीं हुआ तो सामने देती हूँ."

सामने. म्हणजे चंदनकडे. राघोच्या दुकानातून निघालेलं कॅबिनेट भर रस्त्यातून समोर जाणार, चष्मेवाला बघणार, फरसाणवाला बघणार, आणि चंदन दोन पावलं पुढे येऊन ते हातात घेणार. सव्वीस वर्षांचं नाव तेवढ्या दहा पावलांत संपलं असतं. दुपारचा डबा राघोने उघडलाच नाही.

त्याने कूलर तिसऱ्यांदा उतरवला. पेस्ट पुसली, नवी लावली. कूलरच्या चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या बोर्डाच्या भोकांत घालून अंगठ्याने जोरात दाबायच्या, समोरासमोरच्या दोन आणि मग उरलेल्या दोन. राघो दाबत होता आणि तोंड चालू होतं. पेस्टच्या कंपन्या चोर. आजकालचे प्रोसेसर तकलादू. बायामाणसांनी डिझाइनं करावीत, आकडे कशाला बघावेत. आणि तो चंदन, त्याला साधी रॅम तरी सरळ बसवता येते का.

"दोनच वाजल्या," आशा म्हणाली.

"काय दोन?"

"खुंट्या. बसली की टक् करून वाजते ना. चार वाजाया पायजेत. दोनच वाजल्या. परवा पण दोनच वाजल्या व्हत्या."

राघोने तिच्याकडे असं बघितलं, की दुसरी कोणी असती तर निमूट चिठ्ठ्या लिहायला लागली असती. "तुला काय कलतं यातलं?" तो म्हणाला. "कूलर गार हाय, हात लावून बघ."

"टेकलाच न्हाय तर गार न्हाय तर काय ऱ्हानार?" आशा म्हणाली. "खालची आग वर चढाया नको?"

साधी गोष्ट होती. कूलर एका बाजूने उचललेला राहिला, तर प्रोसेसर तापून मरणार आणि कूलर थंडच राहणार. भाविका पहिल्यांदा परत आली तेव्हाच त्याच्या बोटाने त्याला हे सांगितलं होतं, आणि त्याने त्यावरून दुसऱ्याची अक्कल काढली होती. त्याने उरलेल्या दोनपैकी एका खुंटीवर अंगठा ठेवला आणि तोंड बंद ठेवून दाबलं. काही वाजलं नाही. पुन्हा दाबलं. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली आणि अंगठाच मागे वाकला.

आशा उठली, काउंटरला वळसा घालून आली. "सरका जरा." तिने कॅबिनेट आडवं केलं, खुंटीवर अंगठा ठेवला आणि अंगाचा भार दिला. टक्. मग समोरची. टक्. बोर्ड फुटेल म्हणून राघो ओरडणार होता, पण तोवर झालं होतं.

सॉफ्टवेअर परत टाकलं. भाविकाचं सगळ्यात जड डिझाइन उघडून मशीनला अर्धा तास दमवलं. आकडा एकसष्टवर गेला आणि तिथेच राहिला. राघोने सवयीने कूलरवर बोट टेकवलं. कोमट होता.

"कधीपासून ठाव हाय तुला?" त्याने अंगठा चोळत विचारलं.

"वरीस झालं. घरातल्या सगळ्या बरण्या मी आधीच ढिल्या करून ठेवते," आशा म्हणाली. "तुमाला वाटतं, झाकनंच चांगली आली."

राघोला लाज वाटली. एवढी लाज त्याला आजवर कोणी आणली नव्हती, आणि आणली ती बरण्यांनी. वर्षभर ही बाई गप्प राहून त्याची पत सांभाळत होती, आणि हा तिला गिऱ्हाइकांसमोर गप्प बसवत होता.

संध्याकाळी भाविका आली. आकडा बघून तिचा जीव भांड्यात पडला. "क्या था, राघोभाई?"

बोर्ड का फॉल्ट था, एवढं म्हणायचं होतं. वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं, आणि आशा काही बोलली नसती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती चिठ्ठीवर पेन टेकवून खाली बघत थांबली होती. रस्त्यापलीकडे चंदन आपल्या दारात उभा होता.

"कूलर मेरे से बैठा नहीं था," राघो म्हणाला. "दो बार नहीं बैठा. अंगूठे में ज़ोर नहीं रहा. आज इसने बिठाया." आणि चंदनला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलला. भाविकाने रिक्षा थांबवली.

कॅबिनेट उचलायला राघो एकटाच वाकला, मग थांबला.

"धर गं एका बाजूनं," तो आशाला म्हणाला.