फोटो फ्रेमले गेला हाय

आखाताला जायला निघाले तेव्हा जामच्या चौकात बाबांनी माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम दिली. नागपूरची एसटी यायला वेळ होता. माय लोणच्याच्या बरणीचं झाकण पुन्हा पुन्हा आवळून बघत होती. बाबा रस्त्यापलीकडचं आपलं हॉटेल तसंच उघडं टाकून आले होते, खांद्यावर ओलं फडकं घेऊन. म्हणाले, "हे ने. आता तुह्या भितीले लाव."

आत काय आहे ते उघडून बघायची गरज नव्हती. ती फ्रेम मीच विकत आणली होती. मी ती बॅगेत कपड्यांच्या मधे कोंबली आणि गाडीत चढले. बाबांनी हात वर केला, मी केला नाही. नर्सची नोकरी, दोन वर्षांचा करार, साता समुद्रापलीकडचा मुलूख, आणि मी बापावर रुसून निघाले होते. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं.

तुमच्यापैकी जे अजून जामलाच आहेत त्यांना पुढचं पाठ असेल. जे माझ्यासारखे निघून गेले आणि आता क्वार्टर, ड्युटी, ओव्हरटाइम याच भाषेत बोलतात, त्यांच्यासाठी सांगते.

हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकं आणि एक भट्टी. आमच्याकडे चहाची टपरीही हॉटेलच असते. नागपूर-हैदराबाद रस्त्याला जिथे चंद्रपूरचा फाटा फुटतो तिथे अशी सात-आठ हॉटेलं होती, आणि त्यांना पाट्या नव्हत्या. पाटीचं काम गल्ल्यामागचा फोटो करायचा. तेलंगणाकडचे ड्रायव्हर बालाजी दिसला की उतरत. सरदारजींचा ढाबा गुरूंच्या तसबिरीवरून ओळखू येई. आजूबाजूच्या खेड्यांतली कास्तकार मंडळी मारुतीच्या नाहीतर देवीच्या फोटोखाली बसत. सकाळी मालकानं फोटोला उदबत्ती ओवाळायची, मग बोहनीचा पहिला चहा. मालक कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे गिऱ्हाइकाला तोंड न उघडता कळायचं. सोय होती मोठी.

आमच्या गल्ल्यामागे नुसता खिळा होता. आम्ही बौद्ध. छप्पन साली आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, तेव्हा बाबा ऐन जवानीत होते. हॉटेल टाकलं तेव्हा बुद्धाची तसबीर लावायची म्हणून बाबांनी खिळा ठोकला, आणि तिथेच अडकले. तसबीर लावली तर खेड्यांतली माणसं चहा पिणार नाहीत. मामानं सल्ला दिला, लक्ष्मीचं कॅलेंडर लावून दे, कोण विचारते. बाबा म्हणाले, "जो देव घरातून काढला तो गल्ल्यावर कसा लावू?" मग पहिल्याच आठवड्यात वामनकाकांनी विचारलं. हे आमचे दुधवाले, शेजारच्या खेड्यातले कुणबी शेतकरी. दूध घालायचे आणि बोहनीचा चहा आमच्याकडेच घ्यायचे. "सुखदेव, फोटो कुठं हाय रे तुहा?" बाबांच्या तोंडून निघून गेलं, "हिंगणघाटले फ्रेमले गेला हाय."

तो फोटो नऊ वर्षं फ्रेमला होता.

सगळ्यांना ठाऊक होतं. पंचक्रोशीत कोण कोणाचा हे माहीत नसायला आमचं जाम म्हणजे काही मुंबई नाही. पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांसमोर टांगलेलं असणं वेगळं. खिळा रिकामा होता तोवर वामनकाका घरी जाऊन म्हणू शकत होते, आपल्याले का मालूम. अधूनमधून कोणीतरी विचारायचं, "आला का फोटो?" बाबा म्हणायचे, "काच भेटून नाई राह्यली त्याले." विचारणाराही मान डोलवायचा. दोघंही गंभीर चेहऱ्यानं. मला लहानपणी वाटे की हिंगणघाटचा तो फ्रेमवाला जगातला सगळ्यात आळशी माणूस असावा.

एका निवडणुकीत एक उमेदवार जीप घेऊन आला. त्याच्या माणसाकडे हारांची टोपली होती. प्रत्येक हॉटेलात शिरायचं, जो कोणी भिंतीवर असेल त्याला हार घालायचा, हात जोडायचे, चहा प्यायचा, पुढे. बालाजी झाला, मारुती झाला, आमच्याकडे आले आणि टोपलीवाला हार हातात धरून खिळ्यासमोर उभा राहिला. उमेदवारानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं बाबांकडे. शेवटी हार बाबांच्याच गळ्यात घातला. बाबा दिवसभर तो हार घालून चहा गाळत होते, आणि माय हसून हसून बेजार झाली होती.

मला मात्र मोठी झाल्यावर त्याचं हसू येईना. वर्ध्याला नर्सिंगला होते, नालवाडीत खोली घेऊन राहत होते. तिथे वस्तीत घराघरावर पंचरंगी झेंडे, कोणी कोणाला भीत नाही. आणि आपला बाप खोटं बोलून चहा विकतो. पहिल्या स्टायपेंडमधून मी बुद्धाची तसबीर घेतली, सोनेरी काठाची, आणि बुद्धपौर्णिमेला पहाटे बाबा पाणी आणायला गेले तेव्हा खिळ्याला लावून टाकली.

बाबा कळशी घेऊन आले. बराच वेळ बघत राहिले. काढली नाही. फडक्यानं काच पुसली आणि उदबत्ती लावली. वामनकाका आले, दूध मापून दिलं, बाकावर टेकता टेकता वर बघितलं आणि उभेच राहिले. "आज पोट बरं नाई गा," म्हणाले आणि गेले. त्या आठवड्यात निम्म्या पंचक्रोशीचं पोट बिघडलं. ट्रकवाल्यांना फरक पडला नाही, पण ट्रकवाले काही रोजचे नव्हेत. रोजचे सगळे पोट धरून समोरच्या मारुतीखाली जाऊन बसले. तिथे मात्र त्यांना चहाच काय, भजीसुद्धा पचत होती.

आठव्या दिवशी बाबांनी तसबीर उतरवली. मी तिथेच होते. "काऊन काढून राह्यले?" मी विचारलं. "लाज वाटते का तुम्हाले?"

"लाज नाई वाटत बाई. चहा विकाचा हाय मले."

"धर्म बदलला तुम्ही," मी म्हणाले, "भेव तं तेच ठेवलं."

बाबांनी तसबीर घरी नेऊन पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी वामनकाकांचं पोट सुधारलं. मी त्यानंतर दोन वर्षं बाबांशी कामापुरतं बोलले. आखातातली जागा निघाली तेव्हा मी पहिला अर्ज भरला. लोक पैशासाठी जातात. मी त्या खिळ्यापासून लांब जायचं म्हणून गेले.

हॉस्टेलच्या खोलीत पलंगाच्या वर भिंतीला आधीच्या कोणाचा तरी खिळा होता. पोचल्या दिवशीच मी तसबीर लावली आणि मनात बाबांना म्हटलं, बघा. चौथ्या दिवशी नोटीस आली. गणवेशावर किंवा भिंतीवर कोणतंही धार्मिक चिन्ह नको, स्वतःच्या कपाटात काय ते ठेवा. माझी केरळची रूममेट एलीअम्मा, तिनं गळ्यातला क्रॉस काढून पर्समध्ये टाकला. समोरच्या खोलीतल्या गुजराती मुलीनं अंबामातेला साड्यांच्या घडीत ठेवलं. आणि मी तसबीर उतरवून कपाटाच्या दाराला आतून लावली. कोणाशी भांडले नाही, कोणाला विचारलं नाही. नोकरी टिकवायची होती. बाबांनी आठ दिवस तग धरला होता. मला आठ मिनिटंही लागली नाहीत.

महिन्याभरानं वॉर्डन खोल्या बघायला आली. खिळ्यावर बोट ठेवून तिनं इंग्रजीत विचारलं, हा कशाला? मी विचार न करता सांगून टाकलं, "फोटो फ्रेमिंगला दिलाय, मॅडम."

ती मान डोलवून पुढे गेली. मी पलंगावर बसले आणि रडले. एलीअम्माला वाटलं, घरून तार आली. मी तिला काय सांगणार? मी बापाला भित्रा म्हणाले होते. त्या माणसानं इतकी वर्षं दुसऱ्या कोणाचा देव लावला नाही, आपला लपवला असेल पण विकला नाही, आणि शेवटी तो माझ्या हातात दिला, की पोरीच्या भिंतीवर तरी लागेल. मला त्यांची फार आठवण आली. फार लाजही वाटली. पत्र लिहायला बसले, पण अशा गोष्टी पत्रात येत नाहीत. हवापाण्याचं लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

दोन वर्षांनी सुटीवर आले तेव्हा एसटीतून उतरून घरी न जाता आधी हॉटेलात गेले. बाबा थकले होते, चष्मा लागला होता. खिळा तसाच होता, धुरानं काळा झालेला. मी बॅगेतून तसबीर काढून गल्ल्यावर ठेवली. म्हणाले, "बाबा, फ्रेमहून आला फोटो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग तसबिरीकडे. त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "लाव मंग."

रात्रभर दोघांनाही झोप नव्हती. सकाळी मीच हॉटेल उघडलं, बाबांनी उदबत्ती लावली. वामनकाका दुधाची बरणी घेऊन आले. दूध मापलं. वर बघितलं. मी त्यांच्या पोटाकडेच बघत होते. त्यांनी उपरण्यानं बाक झटकलं, बसले आणि म्हणाले, "लय वर्सं लावले बाप्पा त्या फ्रेमवाल्यानं."

"काच भेटून नव्हती राह्यली त्याले," बाबा म्हणाले आणि चहा पुढे केला.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पाच-सहा जण समोर गेले ते गेलेच. वामनकाका येतात, पण भिंतीकडे पाठ करून बसतात. बसतात मात्र रोज.

मी करार वाढवत राहिले. घर म्हणजे काय यावर लोक फार गोड लिहितात. मला विचाराल तर माझी तसबीर जिथे उघड्यावर आहे ते घर, आणि मी तिथे नाही. इथे माझ्या पलंगावरचा खिळा रिकामा आहे. मागच्या पत्रात मायनं लिहवून घेतलं होतं: वामनभाऊ रोज विचारते, सुखदेव, पोरगी कधी येते रे तुही. तुहे बाबा चहा गाळता गाळता सांगते, "फ्रेमले गेली हाय."