नकाशातली पांढरी जागा

नलूबाई दगडापुढे आली की आधी चपला काढायची, मग हळूच विचारायची, "हे कोण?" शहरातून येणारे बाकीचे लोक "हे काय?" म्हणतात. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावाचा दगड उभा करतात, हे तिला सांगावं लागलं नाही.

ती माणसांचा अभ्यास करायची. आधी समुद्रापलीकडे माया नावाच्या लोकांच्या गावांत राहून आलेली. "त्यांचंही असंच आहे भाऊ. जमीन कोणाची, ते कागदाच्या आधी मेलेल्यांना ठाऊक." कुरखेड्याकडच्या आमच्या गावाला जंगलाचा हक्क मागायचा होता, म्हणून म्हाताऱ्यांना विचारून ती नकाशा काढत होती. नियम एकच: "ज्याचं माणूस, त्यानंच सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडचं मी लिहीत नाही."

मी तीनच वर्ग शिकलो, पण गावात वयानं सगळ्यात मोठा. अन् ही बाई पहिल्या दिवशी जाऊन बसली माझ्याहून धाकट्या शिरपतच्या अंगणात! ते माझ्या डोक्यात बसलं. नाल्यापलीकडे माझा आजा, बाप अन् लेक, तिघांचे दगड आहेत. मी तिला तिकडे नेलंच नाही.

"भाऊ, नाल्यापलीकडे काही राहिलं का?" रोज विचारायची.

"शिरपतले विचार ना. त्याले लय मालूम हाय."

"त्यांनी सांगितलं, ते तुमचे आहेत. मी तुमची वाट पाहते."

माझी बुढी चिडायची, "मेलेल्यायवर काऊन रुसून राह्यला रे बुढ्या?"

पावसाळ्यात बाईला ताप भरला. जीपमध्ये चढताना म्हणाली, "परत आले की आधी तुमच्या अंगणात."

ती नागपुरात दवाखान्यात असतानाच अर्जाची मुदत संपत आली. गावानं होता तसा नकाशा जोडून अर्ज दिला. सभेत मी तोंड उघडलं नाही. सांगीन तर बाईलाच, म्हटलं. ती आलीच नाही. ती गेल्याचा निरोप आला.

पुढं हक्क मिळाला, नकाशाही पाहिला. सगळं जंगल रंगवलेलं, नाल्यापलीकडे तेवढं पांढरं. तिथं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'भाऊ सांगतील.' ती जागा हद्दीच्या बाहेर राहिली.

आता मी तिथं जातो, चपला काढतो. मागून बाईचा आवाज येतो, "हे कोण?" मी मोठ्यानं सांगतो. हा आजा. हा बाप. ही माझी सुगन.

चौथा दगड मी मागच्या उन्हाळ्यात उभा केला. त्याच्यापुढे थांबलो की मागून कोणी विचारत नाही.