खिशाचा गाऊन

हेमांगी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. अंधेरीच्या एमआयडीसीत कपड्यांचा नवा धंदा उभारणाऱ्यांसाठी एक इन्क्युबेटर केंद्र आहे. तिथे वर्षभर कटिंगचं टेबल, मशिनं आणि सल्ला मिळतो. हेमांगीला तिथे जागा मिळाली ती एप्रनमुळे. आई अंजनाबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची आणि रोज चिंब कपड्यांनी घरी यायची. तिच्यासारख्या बायकांसाठी हेमांगीने पुढूनमागून झाकणारा, पाणी न झिरपणारा एप्रन काढला होता.

शेजारचं टेबल दहिसरच्या दीप्तीचं. ती गाऊन शिवायची, पण बाहेर कामावर घालून जाता येईल असा, नीट कॉलरचा, खोल खिशांचा. दोघींचं लगेच जमलं. दीप्तीला बांगड्याचं कालवण आवडतं म्हणून अंजनाबाई हेमांगीच्या डब्यात मुद्दाम जास्त भरायची.

एकदा दीप्तीने अंजनाबाईला एक गाऊन दिला. "काकी, घालून बघा. कुठे काचलं तर सांगा हां."

काही दिवसांनी हेमांगी बाजारात गेली. आईच्या अंगात तोच गाऊन, आणि शेजारच्या बाया खिसे चाचपून बघतायत. "आमाला पन शिवून द्यायला सांग गो तुज्या पोरीच्या मैत्रिणीला!" हेमांगीचा एप्रन बर्फाच्या पेटीवर झाकण म्हणून पसरला होता.

 दुसऱ्या दिवसापासून हेमांगी डबा एकटीच खाऊ लागली. केंद्राचे सल्लागार सौरभ सर दीप्तीच्या टेबलाशी रेंगाळले की हिचे कान तिकडे. दीप्ती इस्त्री करताना गुणगुणायची, तेही खुपायला लागलं. घरी गेल्यावर आई विचारायची, "दीप्ती जेवली ना?" तेव्हा तर तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

केंद्रात माल पाहायला खरेदीदार बाई येणार होत्या त्या दिवशी दीप्ती धापा टाकत आली. "हेमा, खिशांची काजं राहिलीयत गं. थोडा वेळ मशीन देतेस?"

काजाचं मशीन केंद्रात एकच, आणि सकाळची पाळी हेमांगीची. तिची काजं कधीच करून झाली होती.

"माझंच उरकलं नाहीये," हेमांगी मान वर न करता म्हणाली आणि कापडाच्या कातरणीवर काजं घालत बसली, एकाशेजारी एक, उगाच. दीप्तीने त्या कातरणीकडे पाहिलं, मग हेमांगीकडे. ती वळून निघून गेली.

दीप्तीने खिशांना सेफ्टी पिना लावल्या आणि खरेदीदार बाईंना सरळ सांगितलं, "काजं राहिलीत, गाऊन तयार आहे." बाईंनी स्वतः गाऊन घालून पाहिला, दोन्ही खिशांत हात घातले आणि ऑर्डर दिली. हेमांगीचा एप्रन त्यांनी हातात धरला, "छान आहे" म्हणाल्या आणि घडी करून ठेवला.

घरी येऊन हेमांगी आईवर भडकली. "माझा एप्रन का नाही घालत तू?"

"उकडतंय गो त्यात. पाठ भिजून जाते घामानं."

"मग सांगायचं ना! तिला बरं सांगितलंस कुठे काचतं ते!"

"तिनं इचारलं," अंजनाबाई म्हणाली. "तू कदी इचारलंस?"

हेमांगी न जेवताच झोपली. सकाळी मात्र एप्रन घालून आईच्या जागी मासळी विकायला बसली. दुपारपर्यंत तिला गरगरायला लागलं. तिने तिथेच मासळी कापायच्या कोयत्याने एप्रनची पाठ फाडून काढली.

उघड्या पाठीचा, पातळ कापडाचा नवा एप्रन हळूहळू खपू लागला. दीप्तीने वसईला स्वतःचा गाळा घेतला. ती केंद्र सोडून जाताना हेमांगी तिला म्हणाली, "त्या दिवशी मशीन रिकामंच होतं."

"माहितीये," दीप्ती म्हणाली. "दिसत होतं ना." ती रागावली नाही, पण थांबलीही नाही.

उद्घाटनाला हेमांगी गेली. नवी मशिनं, कामाला बायका, दारावर दीप्तीचं नाव. तिने दीप्तीला मिठी मारली, मनापासून मारली. तरी परतताना रिक्षात तिने मोबाइलवर स्वतःच्या गाळ्यासाठी वसईतच, दीप्तीच्या गाळ्याहून मोठी जागा शोधायला सुरुवात केली.