होडीतला आडोसा

"आधी खालचं बगा, मग वरचं," असं म्हणत आबा कानामागची सुतारी पेन्सिल काढायचे आणि हाताला लागेल त्या फळीवर रेघा ओढायला लागायचे. बारामतीत त्यांची लाकडाची वखार होती आणि मी तिथं कारकून. गिऱ्हाईक फळी न्यायला येई, तर तिच्यावर कुणाच्या तरी गोठ्याचा नकाशा असे. कुणी कुरकुरलं तर आबा म्हणत, "रंधा मारला की जातंय. नकाशाचं पैसं घेत न्हाय."

एका श्रावणात फळीवर होडी उमटली. शीड, डोलकाठी, सुकाणू, आणि मधोमध एक चौकोन. हे काय, असं मी विचारलं. "संडास," आबा म्हणाले, तेही भर गिऱ्हाइकात. मी मान खाली घातली. तुम्हीही घातली असती. त्या काळी आम्ही त्या जागेला नुसतं 'तिकडं' म्हणत असू आणि निघताना असा चेहरा करत असू, की जणू तलाठ्याकडंच चाललोय. आत्ता हे लिहिताना लेक खोलीत आली, तर मी कागदावर हात ठेवला. यावरून काय ते समजा.

होडी कशासाठी, हे मला ठाऊक होतं. आबांच्या मंडळींना आम्ही काकी म्हणत असू. शेवटच्या बाळंतपणानंतर काकींना लघवी धरवत नसे. माहेर इंदापूरच्या पलीकडं, भीमेच्या काठी. एकदा त्या एसटीनं निघाल्या, तर उघड्या माळावर गाडी थांबवावी लागली. आडोशाला एक झुडूप नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, खिडक्यांतून पुरुष बघतायत. काकी गाडीत परत चढल्याच नाहीत. पायी घरी आल्या, आणि त्यानंतर कुठल्या गावाला म्हणून गेल्या नाहीत. आता त्यांच्या आईची नजर चालली होती. दिसतंय तोवर लेकीचं तोंड बघू दे, असा म्हातारीचा निरोपावर निरोप येत होता. काकींनी हे सगळं माझ्या बायकोला शपथ घालून सांगितलेलं. बायकोनं मला शपथ घातली.

"बैलगाडीला पडदा लावू की, आबा," मी म्हणालो.

"गाडीत हिंदकळतं. अन् वाटंत गावं लागत्यात. पळसदेवापासनं नदीनं खाली गेलं, तर कोण बगतंय?"

सुतार म्हणाला, "बैठकीखाली भोक ठिवू. नदी न्हील वाहून."

"अन् खालच्या गावच्या बाया घागरी भरत्यात, त्यांनी काय प्यावं?" आबांनी पेन्सिल पुन्हा टेकवली. बैठकीखाली पत्र्याची टाकी, खणासारखी ओढून काढायची. झाकणाला ट्रकच्या ट्यूबचं रबर. शेजारी चुलीतल्या राखेचा डबा. वास वर जावा म्हणून डोलकाठीला बांधलेली नळी. टाकी भरली की होडी कलायला नको, म्हणून ती बरोबर मधोमध. सगळं खालचं बघून झालं होतं.

घोटाळा झाला तो बोलण्यात. बैठक किती उंच हवी, हे आबांनी नळावरच्या बायकांना विचारलं. पत्रेवाल्यानं कुणासाठी म्हणून विचारलं, तर सरळ सांगून मोकळे, "मंडळींसाठी. त्येंना धरवत न्हाय." आठवड्यात सगळ्या बारामतीला कळलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका काकींना हळूच विचारू लागल्या, "आता बरं हाय का?"

मी वखारीच्या किल्ल्या द्यायला गेलो तेव्हा दाराआडून काकींचा आवाज आला. "माजी लाज पत्रेवाल्याच्या दुकानात मांडली तुमी."

"तुजी सोय बगत हुतो."

"सोय झाली. आता तोंड कुठं लपवू? मी न्हाय बसायची त्या होडीत."

मी किल्ल्या उंबऱ्यावरच ठेवल्या.

त्यानंतर आबा वखारीत नुसते बसून असत. फळ्या कोऱ्याच जाऊ लागल्या. मग एका सकाळी उठले आणि न्हाव्याच्या दुकानात गेले. दाढी करायला मीही तिथंच होतो. गालाला फेस लागल्यावर आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ती टाकी माज्यासाठी हाय. दुखणं माजं. लाजंपायी बायकूचं नाव पुढं केलं."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. बाकावरचा एक जण म्हणाला, "आबा, इतक्या वर्सांत तुमाला कदी पळताना बगितलं न्हाय."

"मग आता बगा," म्हणून आबा उठले आणि अर्धी दाढी तशीच ठेवून, धोतर सावरत, बोळातून खरोखरच पळत गेले.

आम्ही सगळे हसलो. कुणाचा विश्वास बसला नाही, पण मान सगळ्यांनी डोलावली. गावानं त्यांचं नाव 'टाकीवाले आबा' पाडलं. लग्नाच्या पंगतीत ते मधेच तांब्या घेऊन उठत, आणि पोरं खिदळत. एवढा तालेवार माणूस, पण खाली मान घालून जाई. काकींना मात्र पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

होडी ट्रकनं पळसदेवाला नेली. काकी रात्रीच्या अंधारात बैलगाडीनं तिथवर आल्या, पदर नाकापर्यंत ओढून. काठावर गर्दी जमली होती. आबा ओरडले, "सरका, मला घाई हाय," आणि सगळ्यांच्या देखत आधी स्वतः त्या आडोशात शिरले. मग शीड वर गेलं. पुढचं नावाड्यानं सांगितलं. म्हातारीनं लेकीला उन्हात बसवून, हनुवटी धरून, कितीतरी वेळ बघितलं. टाकी रिकामी करायला तो पुढं झाला, तर आबा म्हणाले, "राहू दे. माजं हाय ते." कुदळ घेतली, नदीपासून लांब माळावर गेले आणि स्वतः खड्डा खणला.

पुढं बऱ्याच वर्षांनी काकी गेल्या. तेराव्याच्या पंगतीत भात वाढून होतोय, तोच आबा तांब्या उचलून उठले. आता कुणाची लाज राखायची होती, कोण जाणे. वखारीमागच्या कडुलिंबाआड ते आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. या वेळी पोरंसुद्धा हसली नाहीत. वाढपी भाताची परात घेऊन तसाच थांबला. बराच वेळ गेल्यावर आबांनी तसाच भरलेला तांब्या झाडाच्या बुंध्याशी ओतला, डोळे पुसले आणि पानावर येऊन बसले.

"वाढा," म्हणाले.