सुदामचा अंगठा

आमच्या आंजी गावात चिंचेवर भूत आहे ही अफवा मीच उठवली होती... चिंचा शाबूत राहाव्यात म्हणून. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास किती, ते तुम्हीच ओळखा.

गेल्या हिवाळ्यात मला हार्ट अटॅक आला. वर्ध्याच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी मी इतका ठणठणीत, की बायकोला म्हणत होतो, "वांग्याची भाजी कराले लाग, मी येऊन राह्य..." वाक्य तिथंच तुटलं. दुपारचा दीड.

अटॅकनं कमजोर झालेली हृदयाची भिंत फाटली होती. धावत ऑपरेशनला नेलं, छाती उघडली, भोकावर पॅच शिवला. नंतर सर्जनसाहेब म्हणाले, "भोकावर रक्ताची गुठळी बसली होती. कुणी अंगठा दाबून धरावा तशी. नाहीतर तुम्ही टेबलापर्यंत पोचलाच नसता."

इकडे बायकोनं माझ्या धाकट्या भावाला, सुदामला, अकरा फोन केले. एकही उचलला नाही. संध्याकाळी तो दवाखान्यात आला तेव्हा तिनं त्याला धारेवर धरलं.

"भाऊजी, फोन काऊन नाई उचलला?"

"वहिनी, वांग्याच्या वावरातला पाइप फुटला होता. अंगठा कसा सोडू?"

आमच्याकडे पाइप फुटला की एकानं भोकावर अंगठा दाबायचा, दुसऱ्यानं सायकलची ट्यूब आणून गुंडाळायची. ट्यूबवाला येईपर्यंत अंगठा सोडायचा नाही, हा नियम. पण सुदाम शेतात एकटाच होता.

"मंग मोटर बंद कराची ना!" बायको म्हणाली. तो अंगठा चोळत बाहेर निघून गेला.

घरी आल्यावर मला एकट्याला गाठून म्हणाला, "दादा, मोटर बंदच होती. लाइन सकायपासून नव्हती."

"मंग पाणी कुठलं?"

"मले का मालूम. दीडले सुरू झालं, पाचले आपोआप थांबलं. अंगठ्याखाली धडधड करून राह्यलं होतं... अन् गरम होतं."

पाचला सर्जनसाहेब बाहेर येऊन बायकोला म्हणाले होते, "वाचले."

मी स्वतः जाऊन पाइप तपासला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भोक नाही. आजही कुणी समजावून सांगेल तर ऐकायला तयार आहे — मला काही उमगलेलं नाही.

पहिल्या तोड्याची वांगी दवाखान्याच्या वॉर्डात सगळ्यांना वाटली. सुदामला काय द्यावं ते सुचेना. बांधावर त्याचा अंगठा मुठीत धरून बसलो.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "सोड ना आता."

"थांब," मी म्हटलं. "ट्यूबवाला नाई आला अजून."