ताणावरची झाडं

मी निघाले तेव्हा आमची संत्र्याची झाडं ताणावर होती. मोर्शीजवळच्या आमच्या गावातून नागपूरच्या विमानतळाकडे न्यायला गाडी दारात उभी, आईचं डब्यांवर डबे भरणं चालू, आणि बाबा मला शेवटचं म्हणून शेतात घेऊन गेलेले. पानं वळलेली, पिवळट, माना टाकलेली. हिवाळ्यात आम्ही झाडांचं पाणी मुद्दाम बंद करतो. झाड तहानेनं कासावीस झालं की मगच पाणी सोडायचं, तेव्हा ते फुलांनी लगडतं. आमच्या घरी हे पहिलं पाणी लेकीच्या हातानं सोडायची रीत. विहिरीवरच्या मोटारीचं बटण लहानपणापासून मीच दाबत आलेली.

"आजच दाबू द्या न बाबा," मी म्हटलं.

"नाई बाई. घाई केली त नुसती पालवी फुटते, फूल येत नाई. अजून आठ-दहा दिस लागन."

मी तशीच गाडीत जाऊन बसले.

अमरावतीला मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. इथे अमेरिकेत, कोलंबसला नवऱ्याच्या व्हिसाला माझा व्हिसा टाचलेला, काम करायची परवानगी नाही. लेकीला शाळेत सोडायचं, ग्रोसरी आणायची, डिशवॉशर लावायचा आणि खिडकीतून दुसऱ्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ बघायचा. तुम्ही तिकडे म्हणता, मजा आहे बुवा तुझी. माझ्यासारख्या इथे आलेल्या बायका असं म्हणत नाहीत. त्या विचारतात, तुझी ग्रीन कार्डाची फाइल कुठवर आली?

मध्यंतरी माझा जबडा दुखायला लागला. झोपेत मी दातांवर दात आवळून धरते म्हणे. डॉक्टरीण हसून म्हणाली, स्ट्रेस. इथे सगळ्या दुखण्यांना हेच एक नाव. जुनी खोड जात नाही, घरी येऊन शब्दकोश उघडला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आवळणं, घट्ट ओढून बांधणं. फ्रेंचमध्ये आला तो अरुंदपणा आणि जाच होऊन. पुढे इंजिनिअरांनी लोखंडावरच्या भारासाठी तो उचलला आणि डॉक्टरांनी माणसांसाठी. 'डिस्ट्रिक्ट' हा शब्दही त्याच घराण्यातला निघाला, सरदाराला जिथवर माणसं धरून दाबात ठेवता येत तेवढा मुलूख. जन्मभर प्रत्येक फॉर्मवर मी 'डिस्ट्रिक्ट अमरावती' लिहीत आले. वाचून हसूही आलं आणि रागही. त्या मुलखानं मला कधी आवळलं नव्हतं. आवळलं ते तो सोडून आल्यावर.

आमच्या 'ताण'चा अर्थ मात्र त्या कोशात कुठेच सापडला नाही. आमच्याकडे ताण दिला की पाणी सोडून तो तोडायचाही असतो. झाडाला ताण देऊन विसरून जाणारा माणूस आमच्या गावात तरी मी पाहिला नाही.

दर वर्षी पाणी सोडायच्या दिवशी बाबा फोन करायचे. मोटारीपाशी उभे राहून विचारायचे, "सोडू काय?" मी "सोडा" म्हणायचे. तेवढ्यावर आम्ही दोघं रीत पाळली असं मानत होतो. यंदा मी म्हटलं, "बाबा, मीच येते, मीच बटण दाबते." तिकीट काढलं, लेकीला मोटार कशी असते ते चित्र काढून दाखवलं. आणि परत येण्यासाठी पासपोर्टवर लागणाऱ्या व्हिसाच्या शिक्क्याची, मुंबईच्या वकिलातीत घेतलेली तारीख पुढे ढकलली गेली, मग आणखी पुढे. आता गेले तर परत कधी येता येईल ते कुणीच सांगत नाही. अडकले तर लेक इथे, मी तिकडे. बाबांना मी नुसतं "बघते, कळवते" म्हणत राहिले.

एका सकाळी आईचा फोन. तिकडे संध्याकाळ होत आलेली, ती शेतातूनच बोलत होती.

"काहून सांगत नाईस काई? साऱ्या गावानं पानी सोडलं. तुये बाबा रोज वावरात जातात, झाडाईले पाह्यतात आन् तसेच वापस येतात. बटनाले हात लावत नाईत. मी दाबतो म्हटलं त मलेबी नाई म्हनतात. वावराच्या कडंची, धुऱ्याकडली चार झाडं वाळली."

मी बाबांना फोन द्यायला सांगितला.

"बाबा, पाणी सोडा. मी येत नाई."

त्यांच्या चपलांचा आवाज आला. मग मोटार घुरघुरली आणि पाटात पाणी पडल्याचा आवाज. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडले.

"झाडाईचं झालं बाई," बाबा म्हणाले. "तुया ताण कोन तोडन?"

"फोन ठेवू नका," मी म्हटलं.

घर म्हणजे पूर्वी मला परत जायची जागा वाटायची. आता घर म्हणजे माझ्यावाचून सुरू होणारं पाणी, आणि तरीही माझ्यासाठी वाळलेली ती चार झाडं. पाणी पहिल्या ओळीत पोचल्याचं बाबांनी सांगितलं. मग दुसऱ्या. मी जबडा आवळून ऐकत राहिले.