खांबापर्यंतचं इंग्रजी

यावल तालुक्यात जेवढी माणसं धापा टाकत इंग्रजी बोलतात, तेवढी सगळी माझ्या बायकोच्या आत्यानं तयार केलेली आहेत. तिला सगळे अक्का म्हणतात. ती शाळेत खेळ शिकवायची. निवृत्त झाल्यावर घरामागची, केळीच्या बागेला लागून असलेली मोकळी जागा साफ करून तिनं दोन खांब रोवले आणि इंग्रजीचे वर्ग सुरू केले. वर्गात फळा नाही, पुस्तक नाही, बसायला सतरंजीसुद्धा नाही. खुद्द अक्काला बसलेलं पाहिल्याचं कोणाला आठवत नाही. ती जेवतेही ओट्याला टेकून. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे चिडली की अहिराणीवर येते. "बठ्ठी इंग्रजी पायस्मा शे, तोंडमा नही," म्हणजे सगळी इंग्रजी पायांत असते, तोंडात नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य.

पद्धत तिची स्वतःची आहे. लंगडी घालताना "आय अ‍ॅम हॉपिंग" म्हणत राहायचं, आवाज थांबला की बाद. लगोरी फोडणाऱ्यानं आधी "आय ब्रोक इट" असं ओरडायचं, मग पळायचं. "हिट" आणि "मिस" हे शब्द विटी-दांडूतून येतात, आणि "मिस" सगळ्यांचा आधी पाठ होतो. खरा अभ्यास मात्र खो-खोचा. पाठलाग करणाऱ्याला अर्ध्यातून मागे फिरता येत नाही, खांबाला वळसा घालूनच यावं लागतं. अक्कानं तोच नियम भाषेला लावला. सुरू केलेलं वाक्य चुकलं तरी खांबापर्यंत न्यायचं. दुरुस्ती खांबाला हात लावल्यावर. त्यामुळे तिचे विद्यार्थी चुकीचं वाक्यही अशा निर्धारानं पूर्ण करतात, की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच इंग्रजीची शंका यावी. एकदा तिची जळगावची एसटी सुटली. अक्का "वेट! स्टॉप!" ओरडत मागे पळाली. ड्रायव्हर तिचाच विद्यार्थी निघाला. गाडी उभी करून त्यानं डोकं बाहेर काढलं, "आय अ‍ॅम वेटिंग, अक्का." अक्का पायरी चढत म्हणाली, "फार लवकर थांबलास रे. अजून दोन क्रियापदं झाली असती."

अक्काची सून मनीषा नर्सिंग शिकलेली. जळगावच्या एका दवाखान्यात मुलाखतीला गेली, समोरच्यांनी इंग्रजीत विचारलं, हिचं तोंड उघडलं नाही, ती परत आली. दुसऱ्या दिवसापासून अक्कानं तिला खेळात घेतलं. ड्रेसची ओढणी कमरेला बांधून मनीषा "आय चेक द पल्स! आय गिव्ह द इंजेक्शन!" असं ओरडत पळायची आणि तिच्यापुढच्या शेजारणी खरोखरच जीव मुठीत धरून पळायच्या. त्यांच्यातलीच एक दम खात म्हणाली, "अक्का, सुनेला नोकरी लागली तर मागोमाग तुमचा मुलगाही जळगावला जाईल. मग तुम्ही इथं एकट्या?"

"खेळाडूला खांबाला बांधून ठेवतात का ग?" अक्का म्हणाली आणि वळून ओरडली, "पय, मनीषा, पय!"

त्याच दवाखान्यानं तिला पुन्हा बोलावलं, तेव्हा मी जळगावातच असल्यामुळे तिच्या आणि अक्काच्या सोबत गेलो. मुलाखतीच्या खोलीचं दार काचेचं होतं. वर कागद चिकटवलेला, खाली वीतभर पट्टी मोकळी. अक्का वाकून तिथून पाहत होती. दिसत होते फक्त पाय. खुर्चीखाली, टाचा जुळवलेले, निश्चल.

"बसवलंय तिला," अक्का पुटपुटली. "गेलं."

आत एक प्रश्न झाला. उत्तर नाही. दुसरा झाला. उत्तर नाही. अक्कानं माझं मनगट धरलं. मग मनीषाचा आवाज आला, "सर, कॅन आय वॉक?" कुणीतरी गोंधळून हो म्हणालं असावं, कारण ते पाय उठले, खिडकीकडे गेले, वळले आणि दाराकडे आले. चौकटीवर हाताची थाप पडली. एक वाक्य पूर्ण झालं होतं. पाय पुन्हा खिडकीकडे.

"खांब धरला पोरीनं," अक्का म्हणाली.

पाचेक फेऱ्यांनंतर बुटांचा आणखी एक जोड मनीषाच्या बाजूनं चालू लागला. मोठे डॉक्टरच उठले होते. चालता चालता विचारत होते, ती चालता चालता सांगत होती. बाहेर येऊन ते आम्हाला म्हणाले, "वॉर्डात तरी कोण बसतं? सोमवारी पाठवा." अक्कानं मान डोलावली.

मुलगा-सून आता जळगावला भाड्याच्या घरात राहतात. वर्ग चालू आहे, शेजारणी पळतात. परवा संध्याकाळी यावलला गेलो, तेव्हा सगळ्या घरी गेल्या होत्या. अक्का मोबाईल कानाला लावून दोन खांबांमध्ये एकटीच येरझाऱ्या घालत होती. पलीकडे मनीषा वॉर्डाच्या व्हरांड्यात चालत असणार. दोघींचं इंग्रजीत सकाळपासूनचं सगळं बोलून झालं. पलीकडून कोणीतरी सिस्टरला हाक मारल्याचं मलाही ऐकू आलं.

"गो, गो," अक्का म्हणाली. खांबाला हात लावला, फोनमध्ये हळूच "खो" दिला आणि तो बंद केला.

खो दिला की देणाऱ्यानं उठलेल्या खेळाडूच्या जागी बसायचं असतं. मातीत मनीषा खेळताना बसायची तो चौकोन अजून आखलेला होता. अक्का सावकाश वाकली आणि त्यात बसली.